दहा काड्यांचा मासा

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या खोलीत, खिडकीकडच्या कपाटात, दोन विंचूमासे शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. दोन बरण्या, दोन लेबलं. ती लेबलं मी लावली होती, आणि त्यातून एका मुलीचं जे नुकसान झालं ते माझ्यामुळे झालं. हे आधीच सांगून टाकते. एकदा बोलायला बसलं की माणूस हळूहळू स्वतःचीच बाजू घ्यायला लागतो, आणि मी तर त्यात पटाईत आहे.

मी तिथे अटेंडंट आहे. आमचं गाव खालापूरच्या अलीकडे, घरची भातशेती, नवरा कारखान्यात. मी बारावी झालेली. रोज स्कूटीवरून कर्जतला जाते, खोली उघडते, बरण्यांवरची धूळ पुसते, कमी झालेलं फॉर्मॅलिन भरते. प्राध्यापक आले नि गेले, मी तिथेच राहिले. त्यामुळे ती खोली आपलीच आहे असं मला वाटायला लागलं होतं. नवीन आलेल्या सरांना कुठली गोष्ट कुठे आहे ते मलाच विचारावं लागे, आणि मी लगेच सांगत नसे. थोडं थांबवून मग सांगे. मुलं मला मावशी म्हणतात. पाठीमागे ‘लेबलवाली मावशी’ म्हणतात हेही मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायचं. माझं अक्षर चांगलं आहे. शंभराच्या वर बरण्या, प्रत्येकीवर माझ्या हातची लेबलं, रेघ न मारता सरळ.

चूक झाली ती खळीमुळे. एका वर्षी गोंदाची बाटली संपली. मागणी अर्ज करा, सही घ्या, वाट बघा, इतका धीर मला नव्हता. आमच्या घरात तांदळाला तोटा नाही. पेजेची घट्ट खळ शिजवून डब्यातून घेऊन गेले आणि सगळी नवीन लेबलं त्या खळीनं चिकटवली. छान चिकटली. पावसाळा आला, खोली दमट झाली, कागद खाणाऱ्या कसरीला आयतं जेवण मिळालं. गणपतीच्या सुट्टीनंतर कुलूप काढलं तर कपाटांच्या तळाशी लेबलांचा सडा.

बहुतेकांची अडचण नव्हती. साप तो साप, तारामासा तो तारामासा. दुपारपर्यंत मी सगळी लेबलं आपापल्या जागी लावली. उरले हे दोन विंचूमासे. दोघंही पुरवठादाराकडून एकाच खोक्यातून आलेले, दोघांच्या अंगावर पट्टे, दोघांच्या पाठीवर तेरा लांब काटे, डोळ्यांवर शिंगासारखे कातडीचे तुकडे. एकाचं नाव टेरॉइस व्होलिटान्स, दुसऱ्याचं टेरॉइस माइल्स. सख्खे भाऊ म्हणावेत असे. जिवंतपणी रंगात काही फरक असलाच तर फॉर्मॅलिननं तो केव्हाच खाल्ला होता. दोघेही चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे झाले होते.

मग मी काय केलं? एक मासा जरा लांब होता. व्होलिटान्स हे नावही लांब. लांब माशाला लांब नाव लावून मोकळी झाले.

आता सांगताना हसू येतं, पण त्या दिवशी मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. शिवाय कोण बघतंय? आमच्याकडे परीक्षेत स्पॉटिंग असतं. टेबलावर बरण्या मांडायच्या, लेबलांवर कागद चिकटवायचे, मुलांनी एकेका बरणीसमोर थांबून नाव आणि ओळखीच्या खुणा लिहायच्या. लेबल झाकल्यावर कुठली बरणी कुठली हे मला कळावं म्हणून मी बरण्यांच्या गळ्याला रंगीत दोरे बांधले होते. मुलं माझ्याहून हुशार. ती मासा पाठ करतच नसत, दोरा पाठ करत. लाल दोरा व्होलिटान्स, पांढरा दोरा माइल्स. वरच्या वर्गाची मुलं खालच्यांना सांगून जात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात माझ्याभोवती घोळका जमे, ‘मावशी, हिरवा दोरा कोण?’ मी नाक वर करून सांगे. सरांनाही माहीत होतं. निकाल चांगला लागत होता, त्यामुळे कुणीच काही बोलत नव्हतं.

ती मुलगी तेवढी दोरे पाठ करत नव्हती.

ती कशेळ्याच्या पुढच्या गावातली, शेतकऱ्याघरची. सकाळी जीपनं कशेळ्याला, तिथून दुसऱ्या जीपनं कर्जतला. परतीची जीप भरायला वेळ लागायचा म्हणून तास संपल्यावर ती माझ्या खोलीत येऊन बसायची. मी बरण्या पुसायची, ती मासे बघायची. बघायची म्हणजे डोळे बारीक करून, नाक काचेला लावून. शेतातल्या मुठ्यांमधला, म्हणजे खेकड्यांमधला, नर कुठला, मादी कुठली हे पोटावरच्या झापडीवरून ओळखायला तिला लहानपणीच कुणीतरी शिकवलं होतं. तेव्हापासून कुठल्याही जनावराला उलटं करून बघायची तिला सवय. एम.एस्सी. करायचं, माशांचंच करायचं, असं तिनं मला सांगितलं होतं. घरी अजून सांगितलं नव्हतं. माझ्या डब्यातली भाकरी खायची, तिच्या घरच्या काकड्या मला आणायची, आणि जीपची वेळ झाली की दप्तर उचलून दारातूनच ओरडायची, “येते मावशी!”

परीक्षेच्या महिनाभर आधी मी त्या दोन बरण्यांमधलं फॉर्मॅलिन बदलत होते. मासे ट्रेमध्ये काढून पाण्यानं धुतलेले होते. ती म्हणाली, “मावशी, थांबा ना, जरा बघते.” तिनं सुईनं लांब माशाच्या पाठीवरचा पर पसरला. पुढे ते तेरा काटे, आणि त्यांच्यामागे मऊ काड्यांचा पंखा. या दोन जातींत खरा फरक तिथेच असतो, हे तिनं पुस्तकातून काढलं होतं. व्होलिटान्सला मऊ काड्या बहुधा अकरा, माइल्सला दहा; पोटाखालच्या मागच्या परात सात आणि सहा. शेवटची काडी वर फाटलेली असते म्हणून दोन वाटतात, पण बुडाशी एकच असते. ती एकच धरायची. नवखा माणूस हमखास तिथे फसतो.

तिनं मोजलं. परत मोजलं. मग पोटाखालच्या मागच्या परातल्या मोजल्या.

“मावशी, ह्याला धाच हायत. खालीपन सहाच. मंग हा व्होलिटान्स कसा?”

“मोज परत. फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरले असतील.”

“तीनदा मोजलं. लेबल उलटं लागलंय काय?”

इथे माझं डोकं फिरलं. ती खळ, ती कसर, लांब माशाचं लांब नाव, सगळं क्षणात आठवलं, आणि म्हणूनच फिरलं. “माझ्या लेबलाला नावं ठेवतेस? तू जन्मली नव्हतीस तवापासून मी हितं हाय,” असं काहीतरी बोलले. ते खरंही नव्हतं. तिनं सुई धुवून ठेवली. वहीत काहीतरी लिहून घेतलं ते मी बघितलं. निघताना तरी दारातून “येते मावशी” म्हणालीच.

तेव्हा तपासायला महिना होता माझ्याकडे. भिंग होतं, सुई होती, मासे होते. मी बरण्या बंद करून झाकणांना व्हॅसलीन लावलं आणि कपाटाला कुलूप घातलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. वयस्कर, शांत, चष्मा कपाळावर. तोंडी परीक्षेत एकेका मुलाला बोलावून त्याचा कागद समोर ठेवून विचारत होते. मी मागे पाण्याचे ग्लास भरत होते. तिची पाळी आली.

“लाल दोऱ्याच्या बरणीला सगळ्या वर्गानं व्होलिटान्स लिहिलंय. तुम्ही एकट्यांनी माइल्स. का?”

“सर, पाठीवरच्या मऊ काड्या धा हायत.” घाबरली की तिची भाषा गावाकडची व्हायची.

“शेवटची मोजली?”

“शेवटची वर फाटलीय सर, बुडाशी एकच हाय. ती एक धरली.”

परीक्षकांनी बरणी उचलून उजेडाकडे धरली. मासा आत वाकडा बसलेला, पर मिटलेला, बंद काचेतून कुणालाही मोजता आलं नसतं. बाहेर अजून अर्धा वर्ग उभा होता. त्यांनी आमच्या सरांकडे बघितलं. सर हसले. “हिनं नवीन जात शोधलेली दिसते,” असं म्हणाले. दारात उभी असलेली मुलं खदखदली.

परीक्षक मात्र हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, लेबलं तुम्ही लावता ना? ही कधी पडली-बिडली होती का? परत लावलीत असं काही?”

माणसाला याहून सरळ प्रश्न विचारता येत नाही. त्यांनी माझ्यासाठी दार उघडून दिलं होतं. मी ग्लास ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाले, “नाही सर. पहिल्यापासून तशीच आहेत.”

माझी त्या वेळी कायम होण्याची फाइल वर गेलेली होती, चूक कबूल केली असती तर ती अडकली असती, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. फाइल त्याच्या आधीच्या दिवाळीतच मंजूर झाली होती. मला कुणी काढलं नसतं, कुणी ओरडलंही नसतं. सर दोन मिनिटं हसले असते माझ्या खळीवर, एवढंच. ते हसणं मला नको होतं. म्हणून मी ते तिच्या पदरात टाकलं.

परीक्षकांनी मान हलवली. तिला समजावणीच्या सुरात म्हणाले, “मोजताना गडबड होते. डोळ्यांवर फार विसंबू नये, पुस्तक नीट वाचावं.” तिनं एकदा बरणीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. माझ्याकडे बघताना तिच्या डोळ्यांत संशय नव्हता, हेच मला पुढे सहन झालं नाही. मावशी म्हणते म्हणजे तसंच असणार, असं ते बघणं होतं.

पाच वाजता सगळे गेले. मी दार आतून लावलं, लाल दोऱ्याची बरणी उघडली, मासा ट्रेमध्ये घेतला. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येत होतं. त्या उजेडासमोर पर पसरला आणि सुईच्या टोकानं एकेक काडी मोजली. दहा. शेवटची बुडाशी एकच. मग पांढऱ्या दोऱ्याचा मासा काढला. अकरा. परत मोजायची गरज नव्हती तरी परत मोजलं. गडबडीत एक काटा बोटात गेला, रक्त आलं. मेलेल्या माशाचा काटा, त्यात विष कुठलं राहायला, पण बोट दोन दिवस ठणकलं. ठणकू दे, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगता आलं असतं. गुण अजून पाठवायचे होते. मी चहा नेऊन दिला आणि उन्हाळा फार आहे म्हणाले.

तिचे दोनच गुण गेले. पास झाली, चांगली पास झाली. पण वर्गानं तिचं नाव ‘धा काड्या’ ठेवलं. जूनमध्ये ती दाखला न्यायला आली तेव्हा कुणीतरी व्हरांड्यातून तसंच ओरडलं. मी विचारलं, एम.एस्सी.चा फॉर्म भरलास का गं?

“नाय मावशी. दोन मासे येगळे करता येत नायत, पुढं काय करू? मला वाटतं ते मला दिसतं, असं सर म्हनले.” मग खोलीत कुणी नाही असं बघून तिनं हळूच विचारलं, “मावशी, खरंच मी चुकले व्हते काय?”

पहिलं खोटं मी घाबरून बोलले असं कुणी म्हणू शकेल. हे दुसरं मी शांतपणे बोलले. तिच्या केसांवरून हात फिरवून बोलले. “व्हतं गं असं. सगळ्यांचंच व्हतं.”

“येते मावशी,” म्हणाली आणि गेली.

त्यानंतर सहा-सात वर्षं ती दोन लेबलं तशीच होती. बदलायची म्हटलं तर दोरे नाहीतर मासे अदलाबदल करावे लागतील, लांब मासा पांढऱ्या दोऱ्याला दिसला तर मुलं विचारतील, का बदलले? चोराच्या मनात चांदणं. दर वर्षी नवीन मुलं यायची, लाल दोरा पाठ करायची, चुकीचं नाव लिहायची आणि पूर्ण गुण घ्यायची. ते कागद बघितले की मला ती आठवायची. एकदा मी ती बरणी कपाटात मागे ढकलली. सरांनीच पुढे आणायला लावली.

परवा, म्हणजे याच उन्हाळ्यात, ती आली. गुणपत्रिकेची दुसरी प्रत हवी होती. रसायनीकडे एका कंपनीच्या तपासणी विभागात असते, मोहोपाड्याला खोली घेऊन राहते. अंगानं भरलीय, केस कापलेत, हसणं तेच. ऑफिसमध्ये क्लार्क जेवायला गेलेला, म्हणून माझ्याकडे येऊन बसली. मी चहा केला. काम कसं आहे, विचारलं.

“बरं हाय. मागल्या महिन्यात वरडा खाल्ला,” ती हसत म्हणाली. एका पिंपातली पावडर तिला रंगानं वेगळी वाटली होती. अगदी किंचित. बाकी कुणाला दिसलं नव्हतं. पण पिंपावरचं लेबल बरोबर होतं, म्हणून तिनं सही करून सोडून दिलं. दोन दिवसांनी दुसऱ्या बाईनं तेच पकडलं. साहेबानं विचारलं, तुला दिसलं नाही? “काय सांगू त्यान्ला? दिसलं व्हतं. पन मी आधी लेबल बघते मावशी. माझ्या डोळ्यांचा मला भरवसा नाय. तुमाला आठवतंय ना, त्या माशांचं?”

हसत म्हणाली. कुणाचा राग नव्हता तिच्या बोलण्यात, माझा तर नाहीच. माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

मी उठले, कपाट उघडलं, दोन्ही बरण्या काढल्या. लाल दोऱ्याचा मासा धुवून ट्रेमध्ये ठेवला, तिच्यासमोर सरकवला आणि सुई दिली. “मोज.”

“आत्ता? कशाला?”

“मोज गं.”

तिनं खिडकीकडे ट्रे फिरवला. इतक्या वर्षांनंतरही हात सराईत होते. पर पसरला, ओठ हलवत मोजलं. शेवटच्या काडीपाशी थांबली, बुडाशी सुई लावून बघितली. “धा,” ती म्हणाली. मग बरणीवरचं लेबल बघितलं आणि सुई खाली ठेवली. “नाय, मंग माझंच कायतरी चुकतंय.”

ते ऐकलं आणि मला रडूच आलं. रडत रडतच सांगितलं. खळ, कसर, लांब मासा, लांब नाव. लेबल चुकलंय, ते मी लावलंय, तू तेव्हाही बरोबर होतीस.

तिनं ट्रे आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, “तुमाला कवा कळलं?”

‘आत्ताच कळलं’ हे माझ्या जिभेवर आलं होतं. ‘परवा साफ करताना कळलं’ हेही आलं होतं. अशी वाक्यं मला मागावी लागत नाहीत.

“त्याच दिवशी,” मी म्हणाले. “तुमी सगळी गेल्यावर. पाच वाजता.”

“म्हंजे जूनमधी मी विचारलं तवा तुमाला ठावं व्हतं?”

“व्हतं.”

तिनं हात धुतले. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, फॉर्मॅलिनचा वास जाईस्तोवर. मी कोरं लेबल आणि पेन तिच्यासमोर ठेवलं. तिनंच लिहावं असं मला वाटत होतं. तिला न्याय द्यावा, असं काहीतरी मोठं माझ्या मनात होतं. तिनं पेन माझ्याकडे सरकवलं.

“नाय मावशी. तुमी लिवा. पन आधी मोजा. दोनी.”

मी चष्मा पुसून मोजायला बसले. ती समोर उभी राहिली, माझ्या सुईच्या टोकाकडे बघत. एकदा माझा हात घसरला तर “पयल्यापासून” म्हणाली. दहा. अकरा. मी जुनी लेबलं नखानं खरवडून काढली आणि नवी दोन लिहिली. अक्षर वाकडं आलं. तिनं दोन्ही वाचली, मासे आणि नावं पुन्हा एकदा ताडून बघितली, मग मान हलवली. लाल दोरा तिनं स्वतः कात्रीनं कापला, पांढराही, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

क्लार्क जेवून आला होता. तिनं तिची प्रत घेतली, पिशवी खांद्याला लावली. मी माझ्या खोलीच्या दारात उभी होते. ती माझ्यापाशी आली.

“जाते,” म्हणाली.